जलदूषणाचे जीवाणू-निर्देशक : बीड जिल्ह्यातील पाणी आणि गाळ

मलदूषणाच्या जीवाणू-निर्देशकांचा विचार बहुधा दोन ठिकाणी केला जातो. एक शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात आणि दुसरा समुद्रकिनाऱ्यावर. बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. बालाघाटच्या डोंगररांगेच्या उत्तर उतारावरचे पाणी बिंदुसरा व सिंदफणा या नद्यांतून गोदावरीस मिळते. दक्षिण उतारावरचे पाणी मांजरा नदी घेऊन जाते आणि तीही पुढे तेलंगणाच्या सीमेवर गोदावरीतच विलीन होते. आष्टी तालुक्याच्या कडेने वाहणारी सीना तेवढी भीमेकडे वळते. तथापि किनाऱ्यावरच्या संशोधकांपुढे जो प्रश्न उभा असतो, तोच या जिल्ह्यातील तलावांच्या काठीही उभा आहे. पाण्यात मिसळलेल्या मलजन्य जीवाणूंपैकी किती पाण्यात राहतात, किती तळाच्या गाळात उतरतात, आणि गाळात उतरलेले पुन्हा केव्हा वर येतात, हा तो प्रश्न होय. किनाऱ्यावर भरती-ओहोटी रोज तळ ढवळते. बीड जिल्ह्यात हे काम अवर्षण आणि पहिला पूर मिळून वर्षातून एकदा करतात. पाण्याच्या नमुन्याचा अहवाल वाचताना हा भेद लक्षात घेतला नाही, तर निर्देशकाची साक्ष खरी असूनही तिचा अर्थ चुकीचा लावला जातो.

निर्देशकाची कल्पना

पटकी, विषमज्वर, हगवण व कावीळ यांचे कारक सूक्ष्मजीव पाण्यातून पसरतात, हे आता सर्वमान्य आहे. परंतु पाण्यात त्यांचा प्रत्यक्ष शोध घेणे कठीण असते. ते संख्येने थोडे असतात, अनियमितपणे येतात, आणि प्रत्येकासाठी वेगळी परीक्षा करावी लागते. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांना कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जीवाणू सापडले. पण साथ चालू असताना, बाधित वस्तीच्या तळ्यात ते सापडले होते. साथ येण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळावी, हा आरोग्यशास्त्राचा हेतू आहे. म्हणून रोगकारकाचा शोध घेण्याऐवजी, पाण्यात विष्ठा मिसळली आहे काय, एवढेच विचारण्याची पद्धत रूढ झाली.

१८८५ साली थिओडोर एशरिक यांनी अर्भकांच्या विष्ठेतून एका जीवाणूचे वर्णन केले. त्यांच्याच नावावरून आज त्यास एशरिकिया कोलाय म्हणतात. निरोगी माणसाच्या व उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात हा जीवाणू विपुल असतो. १८९२ साली शार्डिंगर यांनी त्याचाच उपयोग मलदूषणाची खूण म्हणून करावा असे सुचविले. पुढे प्रयोगशाळांच्या सोयीसाठी, दुग्धशर्करेचे किण्वन करून आम्ल व वायू निर्माण करणाऱ्या सर्व निकटच्या जीवाणूंचा मिळून कोलिफॉर्म हा गट मानण्यात आला. हा गट सोयीचा असला तरी त्यातील सर्वच सभासद आतड्यातील रहिवासी नाहीत. काही माती, कुजका पालापाचोळा व वनस्पती यांवरही वाढतात. १९०४ साली आयकमन यांनी उच्च तापमानावर किण्वन घडवून या दोहोंत भेद करण्याची युक्ती दाखविली. आजची ४४.५ अंश सेल्सिअस तापमानावरील परीक्षा त्याच विचाराची वंशज आहे. या परीक्षेत टिकणाऱ्यांना उष्णतासह किंवा मलजन्य कोलिफॉर्म म्हणतात.

चांगल्या निर्देशकाच्या अंगी काही गुण असावे लागतात. तो विष्ठेत नेहमी व मोठ्या संख्येने असावा. विष्ठेवाचून अन्यत्र तो नसावा. पाण्यात त्याची वाढ होऊ नये, आणि रोगकारकाइतका काळ किंवा त्याहून थोडा अधिक काळ तो टिकावा. हे सर्व गुण एकाच जीवाणूत मिळत नाहीत. ही अपेक्षा युरोपातील थंड हवामानात घडविली गेली होती. हवाई बेटांवर फुजिओका यांनी आणि प्वेर्तो रिको येथे हेझन यांनी केलेल्या अभ्यासांतून असे दिसून आले की उष्ण व दमट मातीत एशरिकिया कोलाय स्वतंत्रपणे टिकून राहू शकतो, अनुकूल स्थितीत वाढूही शकतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांच्या वर जाणारे तापमान आणि पावसाळ्यात ओली होणारी काळी माती असलेल्या प्रदेशात एकूण कोलिफॉर्मचा मोठा आकडा म्हणूनच एकट्याने निर्णायक मानता येत नाही.

मोजणी आणि तिची मर्यादा

मोजणीच्या दोन रीती प्रचलित आहेत. पहिल्या रीतीत पाण्याचे वेगवेगळे अंश द्रव माध्यमाच्या नळ्यांत घालतात, त्यांतील किती नळ्यांत वायू निर्माण झाला हे पाहतात, आणि संभाव्यतेच्या गणिताने महत्तम संभाव्य संख्या काढतात. या गणिताचा पाया १९१५ साली मॅक्रेडी यांनी घातला. दुसऱ्या रीतीत ०.४५ मायक्रॉन रंध्रांच्या पातळ पटलातून १०० मिलिलिटर पाणी गाळून, पटलावर उगवणाऱ्या वसाहती मोजतात. दुसरी रीत अधिक अचूक आहे, परंतु गढूळ पाण्यात पटलाची रंध्रे बुजतात. ज्या ऋतूत परीक्षेची गरज सर्वांत अधिक, त्याच ऋतूत बीड जिल्ह्यातील बहुतेक जलाशयांचे पाणी गढूळ असते. यास्तव येथे पहिल्या रीतीवरच अधिक विसंबावे लागते.

पहिल्या रीतीचा आकडा हा अंदाज असतो. तीन पायऱ्यांत पाच-पाच नळ्या वापरून मिळालेले उत्तर १०० मिलिलिटरला ८० असे आले, तर खरी संख्या त्याच्या सुमारे तिसऱ्या हिश्शापासून सुमारे तिपटीपर्यंत कोठेही असू शकते. म्हणून एका घाटावर ६० आणि दुसऱ्यावर ११० आढळल्यास दुसरा अधिक दूषित, असा निष्कर्ष काढणे शास्त्रीय ठरत नाही. दहापटीचा फरक मात्र अर्थपूर्ण असतो.

मानकांचे आकडेही कोणत्या उपयोगासाठी आहेत हे पाहूनच वाचावेत. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्याच्या कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात एशरिकिया कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म आढळू नयेत. नदीतील स्नानासाठी २००० साली अधिसूचित झालेल्या निकषांत मलजन्य कोलिफॉर्मची इष्ट मर्यादा १०० मिलिलिटरला ५०० व कमाल मर्यादा २,५०० आहे. मलजन्य स्ट्रेप्टोकॉकायसाठी हेच आकडे १०० व ५०० आहेत. राक्षसभुवन किंवा सिंदफणा-गोदावरी संगमावरील मंजरथ येथे पर्वकाळी स्नानास येणाऱ्यांना हे निकष लागू पडतात. त्याच पात्रात झिरा खणून पिण्यासाठी पाणी भरणाऱ्या कुटुंबाला ते लागू पडत नाहीत. दोन्ही निकष पाण्याविषयी बोलतात. तळाच्या गाळाविषयी त्यांत मर्यादा घातलेली नाही.

गाळ : जीवाणूंचे आश्रयस्थान

पाण्यात मोकळा असलेला एक मायक्रॉन आकाराचा जीवाणू स्वतःच्या वजनाने जवळजवळ बुडतच नाही. स्टोक्सच्या नियमाने हिशेब केल्यास त्याचा खाली जाण्याचा वेग दिवसाला काही मिलिमीटर एवढाच येतो. तोच जीवाणू वीस मायक्रॉनच्या सैल मृत्कणांच्या पुंजक्यास चिकटला, तर तो दिवसाला काही मीटर खाली जातो. मराठवाड्याची काळी माती अग्निजन्य काळ्या पाषाणाच्या झिजेतून बनलेली आहे. तिच्यातील माँटमोरिलोनाइट वर्गाच्या अतिसूक्ष्म चिकणकणांचे पृष्ठफळ फार मोठे असते. पहिल्या पावसात शिवारातून वाहून येणाऱ्या पाण्यात हे कण आणि गावकुसाबाहेरची विष्ठा एकत्र येतात. चिकणकणांस चिकटलेले जीवाणू काही दिवसांत तलावाच्या तळाशी बसतात. वरचे पाणी निवळते आणि त्याची परीक्षा समाधानकारक येते.

परंतु निवळलेल्या पाण्यातून गेलेले सर्व जीवाणू मेलेले नसतात. पाण्यात त्यांचे प्रमुख शत्रू सूर्यप्रकाशातील अतिनील किरण आणि त्यांना खाणारे आदिजीव हे असतात. गाळात किरण पोहोचत नाहीत, सूक्ष्म पोकळ्यांत आदिजीवांपासून आडोसा मिळतो, आणि सेंद्रिय अन्न मुबलक असते. म्हणून पाण्यात काही दिवसांत नाहीसा होणारा एशरिकिया कोलाय गाळात आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने टिकतो. गाळातील संख्या वरच्या पाण्यातील संख्येहून दहापट ते हजारपट असल्याचे जगातील अनेक नद्या, तलाव व किनारे यांच्या अभ्यासांत आढळले आहे. गाळ हा दूषणाचा शेवट नसून साठा आहे.

मृतसाठ्याचे गणित

धरणाच्या भाषेत सर्वांत खालच्या निर्गमद्वाराच्या खाली उरणाऱ्या पाण्यास मृतसाठा म्हणतात. केज तालुक्यातील धनेगाव येथील मांजरा धरणाच्या सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर एकूण क्षमतेपैकी सुमारे ४७ दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा आहे. साध्या वर्षी त्यास हात लावण्याची वेळ येत नाही. अवर्षणाच्या वर्षी मात्र पंप लावून तोच उपसला जातो आणि टँकरने गावोगाव पोहोचतो. २०१६ साली हे धरण कोरडे पडले आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूर शहरास एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या प्रसंगाची चर्चा पाण्याच्या परिमाणाची म्हणून झाली. जीवाणूशास्त्राच्या दृष्टीने तिला दुसरी बाजू आहे: शेवटचे पाणी हे गाळाला सर्वांत जवळचे पाणी असते.

ही गोष्ट एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. तळाच्या गाळात, शुष्क वजनाच्या दर ग्रॅममागे १,००० एशरिकिया कोलाय आहेत असे मानावे. दर चौरस मीटरला गाळाचा सुमारे दोन मिलिमीटर जाडीचा थर, म्हणजे शुष्क वजनाने अंदाजे एक किलोग्रॅम, ढवळला गेला असे समजावे. या थरातून दहा लक्ष जीवाणू पाण्यात येतील. पाण्याची खोली दहा मीटर असल्यास ते १०,००० लिटरमध्ये मिसळतील आणि १०० मिलिलिटरला १० एवढी भर पडेल. खोली एक मीटर उरली असल्यास तीच भर १०० होईल. विष्ठेचा एक कणही नव्याने न मिसळता आकडा दसपट झाला. शिवाय दहा मीटर खोल तळापर्यंत वाऱ्याच्या लाटा, जनावरांचे खूर किंवा पंपाची ओढ सहसा पोहोचत नाही; एक मीटर पाण्यात ती सर्व पोहोचतात. पातळी उतरणे म्हणजे सौम्यीकरण घटणे आणि ढवळणे वाढणे, असा दुहेरी परिणाम होय.

येथेच शुद्धीकरणाचा प्रश्नही बिकट होतो. टँकरमध्ये किंवा गावच्या विहिरीत टीसीएल पावडर टाकण्याचा परिपाठ आहे. चिकणकणांच्या पुंजक्यात दडलेल्या जीवाणूपर्यंत क्लोरीन पुरेसा पोहोचत नाही, आणि गाळातील सेंद्रिय द्रव्ये त्याचा बराच भाग आधीच खर्च करतात. पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मुक्त क्लोरीन शिल्लक आहे की नाही, हे पावडर टाकल्यानंतर पाहावे लागते. टाकलेल्या पावडरीच्या वजनावरून ते ठरत नाही. गढूळ पाणी आधी निवळून वा तुरटीने साफ करून मगच क्लोरीन देणे, हा क्रम यासाठी आवश्यक ठरतो.

माणसाची विष्ठा की जनावरांची

दूषण कोणाचे, हा प्रश्न या जिल्ह्यात विशेष महत्त्वाचा आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडणीसाठी असंख्य कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणजे तलाव भरलेले असताना गावे अर्धी रिकामी असतात, आणि पाणी तळाला गेलेले असताना वस्ती पूर्ण भरते. २०१२-१३ व २०१८-१९ सारख्या अवर्षणाच्या वर्षांत चारा छावण्यांमुळे जनावरेही मोठ्या संख्येने एके ठिकाणी येतात. हिवाळ्यात घेतलेला नमुना उन्हाळ्याची साक्ष देऊ शकत नाही, याचे हे सामाजिक कारण होय.

१९६९ साली गेल्ड्रिच व केनर यांनी मलजन्य कोलिफॉर्म व मलजन्य स्ट्रेप्टोकॉकाय यांचे गुणोत्तर चारहून अधिक असल्यास दूषण मानवी आणि ०.७ हून कमी असल्यास पशुजन्य, अशी सुटसुटीत कसोटी सुचविली. ती अनेक वर्षे वापरात राहिली. पुढे असे आढळले की दोन्ही गट पाण्यात व गाळात वेगवेगळ्या वेगाने मरतात. त्यामुळे मूळ गुणोत्तर काही तासांत वा दिवसांतच बिघडते. गाळातून वर आलेल्या जुन्या दूषणास ही कसोटी लावणे तर सर्वथा अयोग्य होय. आज यासाठी मानवी आतड्यातील बॅक्टेरॉइडीस वर्गाच्या विशिष्ट जनुकखंडाचा शोध घेण्याची पद्धत अधिक विश्वसनीय मानतात. अर्थात दूषण पशुजन्य ठरले म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमसारखे परजीवी वासरांच्या शेणातूनही येतात आणि क्लोरीनला दाद देत नाहीत.

किनाऱ्याशी तुलना

किनारी पाण्याच्या अभ्यासाने या विषयात मोलाची भर घातली आहे. मुंबईत वरळी व वांद्रे येथून सांडपाणी सुमारे तीन किलोमीटर समुद्रात नेऊन सोडण्यात येते. तेथे सौम्यीकरणाबरोबर खारटपणा व सूर्यप्रकाश यांवरही भिस्त असते. खाऱ्या पाण्यात एशरिकिया कोलाय लवकर नाहीसा होतो, किंवा जिवंत असूनही माध्यमावर उगवत नाही. एंटेरोकॉकाय हे स्ट्रेप्टोकॉकायचे निकटचे जीवाणू मात्र अधिक काळ टिकतात. कॅबेली यांच्या अभ्यासांत समुद्रस्नानानंतरच्या आजारांशी एंटेरोकॉकायचा संबंध अधिक निकट आढळला, आणि १९८६ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने समुद्रासाठी हाच निर्देशक स्वीकारला. गोड्या पाण्यासाठी एशरिकिया कोलायही ग्राह्य ठेवण्यात आला.

किनाऱ्यापासून बीड जिल्ह्याने निर्देशकाचे नाव उसने घेण्याचे कारण नाही. घ्यायची आहे ती विचारपद्धती. प्रत्येक निर्देशकाची टिकण्याची मुदत वेगळी असल्याने प्रत्येकजण वेगळ्या काळाविषयी बोलतो. गोड्या पाण्यातील एशरिकिया कोलाय मुख्यतः ताज्या दूषणाची खबर देतो. एंटेरोकॉकाय थोडे मागचे सांगतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्सचे बीजाणू गाळात दीर्घ काळ टिकतात, आणि म्हणून ते जुन्या, साचलेल्या दूषणाचे साक्षीदार होत. पाण्यात एशरिकिया कोलाय अल्प पण बीजाणू पुष्कळ असतील, तर तेथे आज नव्हे तर पूर्वी विष्ठा मिसळली, आणि आता गाळ वर येत आहे, असा तर्क करता येतो.

कोरडा गाळ

२०१७ पासून राज्यात राबविण्यात आलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या योजनेमुळे तलावातील गाळ उन्हाळ्यात शेतात जाऊ लागला. जमिनीचा कस आणि तलावाची क्षमता या दोन्ही दृष्टींनी ही योजना हितकर आहे. जीवाणूंच्या दृष्टीनेही ती बहुतांशी हितकरच म्हणावी लागेल. कारण पातळ थरात पसरलेल्या गाळातील एशरिकिया कोलाय मे महिन्याच्या उन्हात झपाट्याने घटतो. मात्र ढिगाच्या आतील ओलसर गाळास हे लागू नाही, बीजाणूंना तर वाळण्याने विशेष बाधा होत नाही, आणि उरलेले जीवाणू पुन्हा ओल मिळताच वाढू शकतात. सांडपाणी मिळणाऱ्या तलावाचा गाळ कोथिंबीर, मुळा किंवा काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांत टाकण्यापूर्वी तो पसरून चांगला वाळविणे, एवढी दक्षता पुरेशी सोपी आहे.

नमुना-ग्रहणाची दिशा

वरील विवेचनावरून अभ्यासाची एक मांडणी निष्पन्न होते. प्रत्येक जलाशयाचे नमुने वर्षातून निदान तीनदा घ्यावेत: तलाव भरून पाणी निवळल्यावर कार्तिकात, पातळी सर्वांत खाली असताना वैशाखात, आणि पहिला पूर येताच. प्रत्येक वेळी पृष्ठभागाचे पाणी, तळाच्या किंचित वरचे पाणी आणि गाळाचा वरचा दोन सेंटिमीटरचा थर असे तीन नमुने असावेत. गाळाचे दहा ग्रॅम निर्जंतुक द्रावणात हलवून, जड कण बसल्यावर वरच्या द्रवाची परीक्षा करावी. त्याच गाळाचा दुसरा भाग १०५ अंशांवर वाळवून संख्या शुष्क वजनाच्या दर ग्रॅममागे द्यावी. अन्यथा ओल्या व कोरड्या गाळाची तुलना होऊ शकत नाही. नमुना बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत प्रयोगशाळेत पोहोचावा. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या बाटलीतील आकडा तलावाचा नसून प्रवासाचा असतो. आकड्यासोबत पातळी, तापमान व गढूळपणा यांची नोंद नसेल तर तो आकडा अपुरा समजावा.

गावपातळीवर हायड्रोजन सल्फाइडच्या पट्टीची परीक्षा उपयुक्त आहे. १९८२ साली मांजा, मौर्य व राव या भारतीय शास्त्रज्ञांनी ती प्रसिद्ध केली. बाटलीतील पाणी काळे पडल्यास ते संशयास्पद समजावे, इतकी ती सोपी आहे. परंतु गाळमिश्रित पाण्यात विष्ठेशी संबंध नसलेले सल्फाइड-जनक जीवाणूही असू शकतात. म्हणून काळी बाटली ही अधिक तपासणीची सूचना मानावी, अंतिम निर्णय नव्हे. पाणी काळे न पडणे हेही त्या दिवसापुरतेच खरे असते.

परीक्षेचा अहवाल हा एका दिवसाच्या, एका जागेच्या १०० मिलिलिटर पाण्याचा असतो. बीड जिल्ह्यात तोच तलाव कार्तिकात दहा मीटर खोल आणि वैशाखात गुडघाभर असतो, आणि त्याचे पाणी पिणारी माणसेही दोन्ही वेळी सारखी नसतात. कार्तिकातील निर्दोष अहवाल वैशाखातील टँकरला चिकटविता येणार नाही. त्या दोहोंच्या मधला काळ गाळाने पाहिलेला असतो. म्हणून पाण्याबरोबर गाळाचीही जबानी घेतली जाणे अगत्याचे आहे.